शेठच्या बायकोचा रिकॉल

काकांनी दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "बूट बाहेर. शेठ घरात नाहीत."

मला मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन दीड महिना झाला होता. नवरा सकाळी सातला गाड्यांच्या कंपनीत जायचा आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करायला बंदी. घरात बसून बसून मला समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर पाठ झाले होते. तेव्हा मराठी मंडळातल्या एका मावशींनी सांगितलं, की इथून वीस मिनिटांवर एका जुन्या व्यापाऱ्याचं घर आहे, त्याचं म्युझियम केलंय, तिथे बिनपगारी कामाला माणसं लागतात, आणि सगळा कारभार आपले एक काका बघतात. आता कारभारी आपले काका, तर शेठही आपलेच कोणीतरी असणार, असा मी हिशोब केला. बूट काढता काढता विचारलं, "कधी येतील?"

"येणार नाहीत. वारले."

"अरे देवा! कधी?"

"झाली की सव्वाशे वर्षं," काका म्हणाले. "प्लस-मायनस पाच. या आत. पायपुसण्यावर उभ्या राहू नका, नवीन आहे."

तर शेठ म्हणजे आपले कोणी नव्हेत. शेठ म्हणजे पक्का गोरा, गालमिशा राखलेला अमेरिकन. तिकडे लंडनला व्हिक्टोरिया राणी गादीवर होती त्या काळात इकडे मिशिगनमध्ये शेठ कापड, खिळे, रॉकेल आणि काकवी विकत होते. आधी एक दुकान, मग तीन, मग घाऊक व्यापार, मग हे लाल विटांचं तीन मजली घर. वर एक मनोरा, त्यात चढून शेठ म्हणे स्वतःची गोदामं बघत बसायचे. शेठच्या माघारी त्या घरात आधी अंत्यसंस्कार करणाऱ्यांचं ऑफिस आलं, मग दातांचा डॉक्टर आला, आणि शेवटी गावाने ते घेऊन म्युझियम केलं. काका तिथे पहिल्यांदा गेले ते साधे पाहुणे म्हणून. जिन्याच्या कठड्याचे दोन गज एकमेकांना समांतर नाहीत, हे त्यांनी खिशातल्या व्हर्नियरने मोजून दाखवलं. गावातल्या कमिटीने त्यांना तिथल्या तिथे स्वयंसेवक करून टाकलं. कमिटीत तिघंच जण होते आणि तिघांचेही गुडघे गेलेले होते.

काका नुकतेच रिटायर झाले होते तेव्हा. गाड्यांच्या एका कंपनीत पस्तीस वर्षं क्वालिटी खात्यात. काम काय, तर गाडीचं दार लावल्यावर जी फट उरते ती मोजायची. पस्तीस वर्षं फट मोजलेल्या माणसाशी बोलायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मी "सहाला येते" म्हटलं की ते विचारणार, "प्लस-मायनस किती?" एकदा मी डब्यात पोहे नेले आणि कसे झालेत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "स्पेकमध्ये आहेत." ही दाद होती हे मला तीन महिन्यांनी कळलं.

शेठच्या घरच्या माणसांशी मात्र त्यांचं फारच मोकळं होतं. शेठच्या बायकोला ते शेठाणी म्हणायचे, आणि मुलांना थोरला, मधली, धाकटी. पाहुणे आले की इंग्रजीत रीतसर मिस्टर आणि मिसेस, पाहुण्यांची पाठ वळली की आमचं मराठी सुरू. "शेठाणीची शिवणाची पेटी पुसलीस का गं?" "मधलीच्या खोलीतला पडदा विटलाय उन्हाने, बोलून ठेवलं पाहिजे." मंडळाच्या गणपतीत एकदा ते एका बाईंना सांगत होते, की थोरल्याचं धंद्यात अजिबात लक्ष नाही, घोड्यांच्या नादी लागलाय, शेठना रक्तदाबाचा त्रास सुरू झालाय तो त्याच्यापायीच. त्या बाईंनी मला खांबाआड ओढून विचारलं, "यांना मुलगापण आहे? मला तर एक मुलगीच माहीत होती."

मुलगी एकच होती. शिकागोला वकील. तिच्याबद्दल सांगते पुढे.

काकांनी शेठच्या घराण्याचा चक्क कुलवृत्तांत लिहिला होता. त्यांच्या स्वतःच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, जाडजूड, आणि त्यातली अमेरिकेची शाखा काकाच बघायचे. तोच साचा त्यांनी शेठना लावला. मूळ गाव, व्यवसाय, विवाह, अपत्ये, स्वभावविशेष. गोत्राच्या पुढे "माहिती मिळू शकली नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. माळ्यावर खोक्यांमध्ये शेठच्या वह्या, पत्रं, बायबलच्या पुठ्ठ्यामागे लिहिलेल्या जन्मतारखा असं बरंच काही पडून होतं. कमिटीने कधी उघडून पाहिलं नव्हतं. काकांनी ते सगळं वाचलं आणि इंग्रजीत बत्तीस पानं लिहून काढली. कमिटीच्या अध्यक्षीणबाईंनी पानं चाळली, "वंडरफुल" म्हणाल्या, आणि पुढची अकरा वर्षं त्या घरात जो कोणी माहिती सांगेल तो या बत्तीस पानांतलीच सांगू लागला. मीसुद्धा.

काका गुरुवारी आणि शनिवारी काकूंना बरोबर आणायचे. पुढच्या दिवाणखान्यात, खिडकीजवळ, दोरी न बांधलेली एकच खुर्ची होती, तिच्यात काकू बसायच्या. साडीवर स्वेटर, पायात दोन जाड मोजे, मांडीवर रुमाल. गोऱ्यापान, हसऱ्या. येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं त्या पण म्युझियमच्याच आहेत, आणि काहीजण विचारून त्यांचा फोटोही काढायचे.

काकूंना विसर पडायला लागला होता. आधी गॅस विसरायच्या, मग रस्ता, मग शिकागोच्या मुलीचं नाव. मी तिथे जायला लागले त्या वर्षी त्या काकांच्या हाकेला ओ देईनाशा झाल्या. ऐकू येत होतं चांगलं. बाहेर गाडीचं दार वाजलं तरी मान वळायची. पण काका दर पंधरा मिनिटांनी, पाहुण्यांना सांगताना मध्येच थांबून, दारातून डोकावून म्हणायचे, "सुहास!" त्यांचं नाव सुहासिनी. काकू रुमालाची घडी घालत राहायच्या. काका क्षणभर थांबायचे, परत पाहुण्यांकडे वळायचे आणि म्हणायचे, "सो, ॲज आय वॉज सेइंग, केरोसिन."

याचाही त्यांनी आलेख केला होता. खरंच सांगते. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर शंभर हाकांना किती ओ. त्यांनी मला तो दाखवला तेव्हा रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती आणि सहा आठवडे तिथेच सरपटत होती. मी म्हटलं, "काका, हे कशाला मोजत बसता?" तर म्हणाले, "मोजलं नाही तर कळणार कसं, कधी सुधारतंय ते?"

शिकागोच्या मुलीचं म्हणणं होतं, आईला तिच्या घराजवळ अशा पेशंटांसाठी एक चांगली जागा आहे, तिथे ठेवू. काका म्हणत, ती मला ओळखते, माझ्याजवळच राहील. मी एकदा त्यांच्या घरी होते तेव्हा व्हिडिओवर हेच चाललं होतं. मुलगी म्हणाली, "ओके बाबा, कॉल हर. राइट नाऊ. मला बघू दे."

काकांनी हाक मारली. काकूंनी टेबलावरचा चमचा सरळ करून ठेवला.

"सी?" मुलगी म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला. "बाबा, प्लीज. शी डझन्ट नो यू एनीमोअर. मी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येते, तेव्हा ठरवू."

"तोपर्यंत देईल ओ," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी प्लस-मायनस काही सांगितलं नाही.

मला त्या मुलीचा तेव्हा भयंकर राग आला होता. आता येत नाही. तीही बिचारी काय करणार होती.

आता शेठाणीकडे वळते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

शेठच्या वहीत लिहिलं होतं, की अमुक दिवशी हॅनाशी लग्न केलं. पुढे दीड-दोन वर्षांनी जी पत्रं सुरू होतात त्यात बायकोचं नाव कॅरोलाइन. शेठ लिहितात, "माझी प्रिय पत्नी कॅरोलाइन." मध्ये कुठे मरणाची नोंद नाही, गावच्या दफनभूमीत हॅनाची कबर नाही. काकांनी ते वाचलं आणि त्यांना त्यात काडीचीही अडचण वाटली नाही. लग्नात मुलीचं नाव बदललं. कुलवृत्तांतात त्यांनी लिहिलं, "विवाहापूर्वीचे नाव हॅना, विवाहोत्तर कॅरोलाइन." आणि अकरा वर्षं रोज पाहुण्यांना सांगितलं, "आफ्टर मॅरेज, हॅना बिकेम कॅरोलाइन."

अमेरिकन माणसं भारी सभ्य. ती म्हणायची, "ओह, इंटरेस्टिंग!" त्यांना वाटायचं व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशी पद्धत असेल. कॉलेजातली एक मुलगी तेवढी एकदा वाद घालायला लागली, की अमेरिकेत अशी पद्धत कधीच नव्हती. काका अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आय हॅव पर्सनली सीन इट डन." झालं, ती गप्प.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही काही खटकलं नाही. मी सांगलीची. माझ्या आत्याचं नाव बदललेलं, दोन्ही काकूंचं बदललेलं. माझ्या लग्नात मी सासूबाईंना आधीच निक्षून सांगितलं होतं, की माझं नाव बदलायचं नाही. तरी तांदळाचं ताट आलंच. ताट परत कसं न्यायचं म्हणून नवऱ्याने अंगठीने तांदळात माझं आहे तेच नाव लिहिलं, आणि सगळ्यांनी नवीन असल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तेव्हा हॅनाची कॅरोलाइन झाली हे ऐकून मी म्हटलं, वाईट झालं बिचारीचं, आणि पुढच्या खोलीतली धूळ पुसायला घेतली.

पत्रांमध्ये खुणा होत्या, नाही असं नाही. कॅरोलाइन शेठना थोरल्याबद्दल लिहिते ते नेहमी "तुमचा मुलगा". तुमच्या मुलाने खिडकी फोडली. तुमचा मुलगा जेवला नाही. मधली आणि धाकटी मात्र "आपल्या मुली". कोणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. काकांनी समासात लिहून ठेवलं होतं, "रागावल्यावर आई असेच म्हणते." मी ते वाचून मान डोलावली होती. माझी आई भावाच्या दहावीच्या निकालापासून बाबांना "तुमचे चिरंजीव"च म्हणत आलीय.

मग सप्टेंबरात एका शनिवारी एक बाई आल्या. साठीच्या, केस बारीक कापलेले, शाळेतून रिटायर झालेल्या ग्रंथपाल. पार व्हरमाँटहून गाडी चालवत आल्या होत्या. सगळं घर बघितलं, एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी जिन्याखाली काकांनी हॅना बिकेम कॅरोलाइन म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, हॅना माझ्या पणजीची बहीण."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे शेठाणीच्या माहेरच्या तुम्ही!" हे ते मराठीत बोलून गेले, इतका आनंद झाला.

बाईंनी फोन काढून एक फोटो दाखवला. व्हरमाँटच्या एका लहानशा चर्चमागची कबर. दगडावर हॅनाचं नाव, खाली शेठचं नाव लिहून त्यांची पत्नी, वय वर्षे वीस. हॅना पहिल्या बाळंतपणाला आईकडे गेली होती. मुलगा झाला आणि ती गेली. तिथेच पुरली. शेठ वर्षभराने येऊन मूल घेऊन गेले आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. बाई हे सगळं अगदी हळू, समजुतीने सांगत होत्या. एवढ्या लांबून का आलात असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या घरात तिचं फक्त मरण ठाऊक आहे. म्हटलं, ती जगली ते घर बघावं. इथे तिचं काही असेल."

काही नव्हतं. तिचं जे काय होतं ते आम्ही अकरा वर्षं दुसरीच्या नावावर सांगत होतो.

काकांनी दगडावरची अक्षरं एकदा वाचून घेतली. मग त्यांनी बाईंना हात जोडले, खरेखुरे दोन्ही हात, आणि म्हणाले, "द एरर इज माइन." काकूंना खुर्चीतून उठवलं, मोज्यांवर बूट चढवले आणि दुपारी दोनलाच घरी गेले. त्यांना पाच वाजायच्या आत जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आठला त्यांचा फोन. "ये. रिकॉल करायचाय."

"काय करायचंय?"

"अगं, गाडीत डिफेक्ट निघाला तर कंपनी काय करते? गिऱ्हाईकांना कळवते, गाड्या परत बोलावते. आपण फील्डमध्ये अकरा वर्षं डिफेक्टिव्ह बायको पाठवलीय."

अध्यक्षीणबाईंनी खूप समजावलं. म्हणाल्या, अहो, लोक इथून बाहेर पडेपर्यंत सगळं विसरतात, कोणाला पडलंय? काका म्हणाले, तो पुढचा प्रश्न, आधी कळवणं आपलं काम. पाहुण्यांच्या वह्या होत्या सगळ्या, नाव आणि पत्ता लिहायची तिथे पद्धतच होती. काकांनी साधी पोस्टकार्डं आणली आणि मजकूर तयार केला. त्याचा मराठी मतलब असा: "आपण अमुक तारखेला आमच्या घरी आला होतात. त्या दिवशी माझ्याकडून आपणांस दोन स्त्रिया मिळून एक स्त्री म्हणून सांगितली गेली. हॅना ही वेगळी होती. ती विसाव्या वर्षी वारली. थोरला मुलगा तिचा. कृपया आपल्या माहितीत दुरुस्ती करून घ्यावी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." मी म्हटलं, काका, एका वाक्यात आटपेल की. तर म्हणाले, तिचं एका वाक्यातच आटपलं होतं, म्हणून तर हे झालं.

दोन महिने आम्ही दिवाणखान्यात टेबल टाकून कार्डं लिहीत होतो. काकूंना काका आता रोज आणत होते. मी पत्ते घालायची, काका सही करायचे, आणि काकू तिकिटं लावायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांनी आपणहून तिकिटांचा कागद पुढे ओढला आणि लावायला लागल्या. प्रत्येक तिकीट कोपऱ्यात अगदी सरळ. काकांनी व्हर्नियर काढून दोन्ही कडांचं अंतर मोजलं, परत मोजलं आणि म्हणाले, "सुहास, अर्धा मिलिमीटरसुद्धा फरक नाही गं." काकूंनी पुढचं तिकीट उचललं.

उत्तरंही आली. ओहायोच्या एका माणसाने लिहिलं, मला वाटलं ते शेगड्यांचं म्युझियम होतं. एका मुलीने लिहिलं, की ती चौथीत असताना शाळेबरोबर आली होती, तिला बायको आठवत नाही पण तुमचे मोजे आठवतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं, माझीही पहिली बायको अशीच गेली, तिच्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही, तुम्ही कळवलंत म्हणून आभार. हे कार्ड काकांनी दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

त्याच दिवशी मी विचारलं. इतके दिवस तोंडावर आलं होतं. "काका, एवढे तुम्ही फट मोजणारे. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की ही दोन माणसं असतील?"

"कसं वाटणार? नाव बदलतातच. हिचंसुद्धा बदललं."

"काकूंचं? आधी काय होतं?"

काका सही करता करता थांबले. "वहिनीचंच," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं आणि हिचं नाव एकच. एका घरात दोन पार्टना एकच नंबर कसा चालेल? मग आईने सांगितलं, बदला. सुहासिनी मीच सुचवलं. हिला विचारलं होतं का, तर नाही. तेव्हा कोण विचारत होतं?"

"पण नाव काय होतं?"

"वहिनीला नावाने कोण हाक मारतं? वहिनीच म्हणायचो. त्यामुळे ते नाव माझ्या तोंडून कधी निघालंच नाही." मग पेनला टोपण लावत हळूच म्हणाले, "लीला."

मी बघितलं, तर काकूंचा तिकीट धरलेला हात हवेत थांबला होता. काकांनी पाहिलं नाही, ते टोपणाकडे बघत होते. काकूंनी तिकीट लावलं. मी आयुष्यात कधी नव्हे ती गप्प बसले. मला वाटलं, माझाच भास असेल, आणि या माणसाला खोटी आशा लावून आपण मोकळे होऊ. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी बुधवार होता. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशीचा. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. पाहुणे कोणी नव्हते. काकूंना त्यांच्या खुर्चीत बसवून काका आलेखाचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. रेघ तळालाच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही चुकीच्या नावाने हाक मारताय. रिकॉल तिकडे केलात, इकडे कोण करणार?"

फारच उद्धट बोलले. मला वाटलं, आता काका दाराबाहेर काढतात. ते उठले. शर्ट सारखा केला. काकूंच्या समोर, चार हातांवर, जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. तोंड उघडलं आणि मिटलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला एक दोन अक्षरी नाव घेता येत नव्हतं.

"लीला," ते शेवटी म्हणाले.

"ओ!" काकू म्हणाल्या.

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. खणखणीत, परकरातल्या मुलीसारखा. "आले हं," म्हणाल्या आणि वर पाहिलं. समोर एक परका म्हातारा माणूस बघून चपापल्या. स्वेटरवरून पदर ओढून घेतला. "बाबा शाळेत गेलेत. आपण कोणाकडे आलात?"

मी दाराशी उभी होते. काका म्हणाले, "तुमच्याकडेच. स्थळ म्हणून आलोय."

काकूंना ते "तुम्ही" म्हणताना मी प्रथमच ऐकलं.

काकूंनी त्यांना नीट न्याहाळून घेतलं. वरून खाली, खालून वर. "वय जरा जास्त वाटतंय," त्या म्हणाल्या.

"हो. थोडं आहे जास्त."

"काय करता?"

"इंजिनिअर आहे. अमेरिकेत असतो."

"बाई गं! इतकं लांब?" काकूंनी रुमालाची घडी घातली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू का? तुमच्याकडे लग्नात नाव बदलतात?"

"आमच्या वहिनीचं..." काका सवयीने खरं सांगायला निघाले होते. थांबले. "नाही," ते म्हणाले. "तुमचं आहे तेच राहील."

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. आईने तिला "कोण गं तू?" विचारलं आणि शेजारी बसवून घेतलं. पण बाबांनी लीला म्हटलं की आई ओ देते, दर वेळी देते, हे तिने चार दिवस पाहिलं. ती रडली, भांडली, आणि काकूंना न घेता शिकागोला परत गेली. दिवसा घरी येणारी एक बाई मात्र लावून दिली. काकांना आपण त्यांचा नवरा आहोत हे काकूंकडून पुन्हा कधीच वदवून घेता आलं नाही. त्यांनी तसा प्रयत्न केल्याचंही मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी नवऱ्याने नोकरी बदलली आणि आम्ही इकडे पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला आलो. परवा काकांना फोन केला. दोन वाक्यं झाली असतील नसतील, मागून काकूंचा आवाज आला. काका म्हणाले, "ठेव गं फोन. हिने विचारलंय, नाव बदलणार का म्हणून. रोज विचारते. तिला सांगून येतो."